पिंजऱ्यांच्या सावलीतले प्रवचनपीठ

जर्मनीच्या वायव्य भागात, वेस्टफालियाच्या सपाट, हिरव्यागार आणि बहुधा पावसाने भिजलेल्या प्रदेशात म्युन्स्टर हे सुमारे तीन लाख वस्तीचे शहर वसले आहे. कोलोनप्रमाणे त्याचे नाव आपल्याकडे परिचित नाही. बर्लिन-म्युनिक पाहून परतणारा प्रवासी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. तरीही युरोपातील ख्रिस्तसभेचा इतिहास ज्याला एकाच रस्त्यावर उभे राहून वाचायचा असेल, त्याने या गावी अवश्य जावे. गावाच्या मध्यवर्ती बाजारपेठेच्या टोकाशी संत लॅम्बर्टचे चर्च आहे. त्याच्या नक्षीदार मनोऱ्याकडे मान उंचावून पाहिले की घड्याळाच्या तबकडीच्या वर तीन लोखंडी पिंजरे टांगलेले दिसतात. प्रत्येक पिंजरा एक माणूस मावेल एवढा आहे, आणि एके काळी त्यांत खरोखरच माणसे होती, म्हणजे माणसांची प्रेते होती. खाली फुलांची दुकाने, कॉफीगृहे आणि सायकलींची अखंड वर्दळ चालू असते. वर चर्चच्याच अंगावर ही जवळजवळ पाच शतकांपूर्वीची शिक्षा लटकत राहिलेली आहे.

या शहराच्या इतिहासाचा धागा पकडू गेल्यास तो राजांच्या वंशावळीत हाती लागत नाही. तो लागतो प्रवचनपीठापाशी. तेथून काय बोलले गेले, आणि काय बोलले गेले नाही, यावर येथे अनेकांचे जगणे-मरणे ठरले आहे.

गावाचे नावच मुळी 'मोनास्तेरियुम', म्हणजे मठ, या लॅटिन शब्दावरून पडले. सम्राट शार्लमेनने सॅक्सन लोकांवर सुमारे तीन दशके युद्ध लादले आणि तलवारीच्या धाकाने त्यांना स्नानसंस्कार दिला, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत आपण वाचतो. त्या रक्ताळलेल्या भूमीवर इ. स. ७९३ मध्ये ल्युडगर नावाचे फ्रिशियन मिशनरी आले. ते यॉर्क येथे आल्क्विन या थोर पंडिताच्या हाताखाली शिकलेले होते. 'आ' नावाच्या लहानशा नदीच्या उतारावर त्यांनी मठ व शाळा उभारली. ८०५ मध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. सध्याचे संत पौलाचे कथीड्रल तेराव्या शतकातले. ते १२६४ मध्ये पूर्ण होऊन समर्पित झाले. मठाभोवती बाजार भरला, बाजाराभोवती तटबंदी उठली, आणि उत्तर युरोपातील व्यापारी नगरांच्या हान्सा संघात म्युन्स्टर मानाने मिरवू लागले. येथील बिशप हा केवळ आत्म्यांचा मेंढपाळ नव्हता, तो प्रदेशाचा राजाही होता. करवसुली, सैन्य, न्यायदान, सारे त्याच्याच हाती होते. मेंढपाळाची काठी आणि तलवार एकाच मुठीत आली की काय होते, याचा अनुभव नागरिकांनी पिढ्यान्पिढ्या घेतला, आणि पुढच्या प्रलयाची बीजे त्यातच पडली.

त्या प्रलयाचा आरंभ एका धर्मगुरूच्या प्रवचनांनी झाला. बेर्न्हार्ड रोथमान हे तटाबाहेरच्या संत मॉरिसच्या चर्चमध्ये सेवा करीत. विद्वान, ओघवत्या वाणीचे आणि गोरगरिबांविषयी मनापासून कळवळा असलेले असे ते गृहस्थ होते. प्रारंभी ते ल्यूथरच्या मताचे झाले. १५३२ च्या फेब्रुवारीत संत लॅम्बर्टच्या चर्चच्या आवारात त्यांनी प्रवचन केले आणि नगरातील कारागिरांचे संघ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वर्षभरात धर्मग्रामांची चर्चे ल्यूथरपंथीयांकडे गेली. पण रोथमान तेथे थांबले नाहीत. बालकांचा स्नानसंस्कार पवित्र शास्त्राला धरून नाही, श्रद्धेची जाणीव आल्यावर प्रौढानेच तो घ्यावा, अशी शिकवण ते देऊ लागले. अशा मताच्या लोकांना 'पुनर्बाप्तिस्मावादी' म्हणत. १५२९ मध्ये श्पायर येथील राजसभेने या मताला देहदंडाची शिक्षा ठरवली होती, आणि त्या कायद्याला कॅथलिक व ल्यूथरपंथीय या दोघांचीही संमती होती, हे येथे नमूद करणे न्यायाचे होईल. जळत्या चितेवर व नदीच्या पात्रात मेलेल्या या लोकांपैकी बहुतेक जण शस्त्राला स्पर्शही न करणारे होते.

म्युन्स्टरमध्ये मात्र वेगळेच घडले. १५३४ च्या आरंभी हार्लेमचा पाववाला यान माथिस याचे दूत, आणि मागाहून तो स्वतः, गावात आला. जगाचा अंत समीप आहे, केवळ म्युन्स्टर वाचेल आणि तेच नवे यरुशलेम होईल, अशी त्याची भविष्यवाणी होती. नेदरलँड्समधून दुष्काळाने व छळाने गांजलेली माणसे त्या आशेने येऊ लागली. फेब्रुवारीत नगरसभेची निवडणूक या पक्षाने रीतसर जिंकली, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस ज्यांनी नवा स्नानसंस्कार नाकारला त्यांना कडाक्याच्या थंडीत वेशीबाहेर हाकलून दिले. वृद्ध, आजारी, लेकुरवाळ्या स्त्रिया, कोणाचीही गय झाली नाही. कथीड्रलमधील मूर्ती व चित्रे फोडली गेली. पवित्र शास्त्र वगळता ग्रंथ व दप्तरे जाळली गेली. पैसा रद्द झाला, संपत्ती सामाईक झाली, घरांच्या दारांना कुलपे लावण्यास बंदी झाली. आणि तटाबाहेर बिशप फ्रान्झ फॉन वाल्डेक यांच्या सैन्याचा वेढा पडला. त्या वेढ्याला हेसचा ल्यूथरपंथीय सरदार फिलिप याचेही साहाय्य होते.

यान माथिसने ईस्टरचा दिवस हा जगाच्या अंताचा म्हणून घोषित केला होता. तो दिवस उजाडला, ५ एप्रिल १५३४, आणि काहीच झाले नाही. तेव्हा तो मूठभर साथीदारांसह वेशीबाहेर पडून शत्रूवर चालून गेला आणि मारला गेला. ही कथा येथेच संपावयास हवी होती. परंतु त्याची जागा लायडनच्या यानने घेतली. हा पंचविशीतला शिंपी दिसायला देखणा, बोलायला चतुर आणि नाटकाचा शौकीन होता. जुलैमध्ये त्याने बहुपत्नीत्व सक्तीचे केले. त्याला विरोध करणाऱ्यांचे उठाव रक्तात बुडवले. सप्टेंबरमध्ये तो 'राजा' झाला. सोन्याचा मुकुट, रत्नजडित गोल, सोळा राण्या असा त्याचा थाट होता. त्याच्या नाण्यांवर संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातले, शब्दाच्या देहधारणेचे वचन कोरलेले होते. ती नाणी आजही पाहावयास मिळतात, आणि ती पाहताना मन विषण्ण होते. वचन तेच, पवित्रतेत कणभरही उणे नाही, आणि ते कोरणारा हात माणसांची मुंडकी उडवत होता.

या काळात गावात स्त्रियांची संख्या पुरुषांच्या कितीतरी पट होती, आणि इतिहासात त्यांच्या वाट्याला फारच थोड्या ओळी आल्या आहेत. हिले फाइकेन या तरुणीने पवित्र शास्त्रातील यूदिथचे उदाहरण मनावर घेतले आणि बिशपला ठार मारण्यासाठी ती एकटी तटाबाहेर गेली. पकडली जाऊन तिला देहदंड झाला. एलिझाबेथ वांडशेरर ही यानच्या राण्यांपैकी एक होती. लोक उपाशी मरत असता राजवाड्यातला हा थाट तिला सहन होईना. तिने यानने दिलेले दागिने त्याला परत केले आणि गाव सोडून जाण्याची परवानगी मागितली, असे सांगतात. १५३५ च्या जूनमध्ये यानने तिला भर बाजारात स्वतःच्या हाताने मारले. त्या सोळा महिन्यांत राजाला तोंडावर नकार देणारी जी थोडी माणसे आढळतात, त्यांत ही एक.

उपासमारीने गवत आणि चामडे खाण्याची पाळी आली तेव्हा ग्रेसबेक नावाच्या एका सुताराने बाहेर पळून जाऊन तटाची कच्ची जागा शत्रूला दाखवली. २५ जून १५३५ च्या पहाटे सैन्य आत घुसले आणि कत्तल सुरू झाली. रोथमानचे काय झाले ते कोणालाही कधीच कळले नाही. यान, कापडव्यापारी क्निपरडोलिंक आणि क्रेख्टिंग या तिघांना २२ जानेवारी १५३६ रोजी बाजारपेठेत जाहीर शिक्षा झाली. तापवून लाल केलेल्या सांडशींनी सुमारे तासभर त्यांचे मांस तोडण्यात आले आणि मग खंजीर खुपसला गेला. त्यांची प्रेते पिंजऱ्यांत घालून मनोऱ्यावर चढवली गेली. बिशपचा न्याय हा असा होता. यानच्या क्रौर्याने तो धुवून निघत नाही, असे मला वाटते. पुनर्बाप्तिस्म्याच्या चळवळीतील शांततावादी शाखेने, म्हणजे मेनो सिमन्स आणि त्यांच्या अनुयायांनी, म्युन्स्टरच्या राज्याचा निःसंदिग्ध निषेध केला. तरी 'म्युन्स्टर' हा शब्द त्यांच्या निरुपद्रवी वंशजांना पुढे दीर्घकाळ दूषण म्हणून ऐकावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत लॅम्बर्टचा जुना मनोरा धोकादायक झाला म्हणून पाडून नवा बांधला गेला. पिंजरे वस्तुसंग्रहालयात ठेवून द्यावयास यापेक्षा चांगली संधी कोणती? परंतु नागरिकांनी ते नव्या मनोऱ्यावर पुन्हा चढवले.

कथीड्रलमधील दंगलीत खगोलशास्त्रीय घड्याळही फुटले होते. १५४० ते १५४२ या काळात ते नव्याने घडवले गेले. गणित एका मुद्रकाचे व एका फ्रान्सिस्कन व्रतस्थाचे, लोहारकाम विंडेमाकरचे आणि चित्रे लुडगर टोम रिंग यांची. त्याच्या काट्यांची गती आपल्या घड्याळांच्या उलट आहे. त्याचे पंचांग २०७१ सालापर्यंतचे आहे. जगाचा अंत आजच, असे सांगणाऱ्या माणसाची राजवट नुकतीच संपलेल्या गावाने पाचशे तीस वर्षांचे पंचांग करून ठेवावे, यातले औचित्य कारागिरांच्या ध्यानात आले होते की नाही, कोण जाणे.

मनोऱ्यापासून त्याच रस्त्याने शंभर-दीडशे पावले चालत गेले की उंच गॉथिक दर्शनी भिंतीचे नगरभवन लागते. त्यात लाकडी कोरीवकामाने मढवलेले एक दालन आहे. त्याला 'शांतिदालन' म्हणतात. १६१८ मध्ये सुरू झालेल्या तीस वर्षांच्या युद्धाने मध्य युरोप बेचिराख झाला होता. काही प्रदेशांत लोकसंख्या निम्म्यावर आली होती. धर्माच्या नावाने पेटलेल्या त्या युद्धात कॅथलिक फ्रान्स प्रॉटेस्टंट स्वीडनच्या बाजूने लढत होता, यावरून त्यात धर्म किती आणि राजकारण किती उरले होते ते समजते. १६४३ पासून म्युन्स्टर आणि तेथून सुमारे पन्नास किलोमीटरवरील ओस्नाब्रुक ही दोन गावे तटस्थ घोषित करून वाटाघाटी सुरू झाल्या. सम्राट व फ्रान्सचे वकील म्युन्स्टरमध्ये, तर स्वीडनशी बोलणी ओस्नाब्रुकमध्ये. सर्व पक्ष एका मेजाभोवती एकदाही बसले नाहीत. मध्यस्थांनी घरोघर कागद पोहोचवावेत, उत्तरे आणावीत, अशी पाच वर्षे गेली. कोणाची बग्गी आधी जावी, कोणाला 'महामहिम' म्हणावे, यावरच महिनेच्या महिने खर्ची पडले. आज हे हास्यास्पद वाटते खरे. पण मानापमानाचे ते खेळ चालू असताना निदान ती माणसे एकमेकांशी बोलत तरी होती, आणि रणांगणावर तोफा धडधडतच होत्या.

मध्यस्थांपैकी एक होते व्हेनिसचे कॉन्तारिनी आणि दुसरे पोपमहोदयांचे प्रतिनिधी फाबिओ किजी, जे पुढे सातवे अलेक्झांडर म्हणून पोपपदी आले. किजींना हे गाव मुळीच मानवले नाही. येथल्या पावसावर आणि काळ्या जाड पावावर त्यांनी लॅटिन पद्यात तक्रारी करून ठेवल्या आहेत. त्यांची खरी अडचण मात्र निराळी होती. पाखंडी मानलेल्यांशी थेट करार करण्याची त्यांना मुभा नव्हती. शेवटी जो तह झाला त्यातील धर्मविषयक कलमांचा त्यांनी निषेध नोंदवला, आणि दहावे इनोसंट यांच्या पत्रकाने ती कलमे रद्दबातल ठरवली. युरोपच्या राजांनी त्याकडे लक्ष दिले नाही. शांततेसाठी वर्षानुवर्षे खपलेल्या मध्यस्थाला शेवटी त्या शांततेवर सही करता येऊ नये, ही ख्रिस्तसभेच्या इतिहासातली एक दुःखद गोष्ट आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

येथे एक सामान्य समज दुरुस्त केला पाहिजे. २४ ऑक्टोबर १६४८ च्या प्रसिद्ध तहावर सह्या शांतिदालनात झाल्या नाहीत. त्या वकिलांच्या निवासस्थानी झाल्या. दालनात शपथविधी झाला तो १५ मे १६४८ रोजी, स्पेन आणि नेदरलँड्स यांच्यातील तहाचा. ऐंशी वर्षांच्या लढ्यानंतर डच प्रजासत्ताकाला स्पेनने मान्यता दिली. स्पेनच्या वकिलांनी शुभवर्तमान व क्रूसावर हात ठेवून, तर डच वकिलांनी दोन बोटे उंचावून शपथ घेतली. गेरार्ड टेर बोर्ख या चित्रकाराने तो प्रसंग चित्रित केला आहे. दोन प्रकारच्या शपथा एकाच खोलीत, एकाच वेळी, आणि दोन्ही ग्राह्य! शंभर वर्षांपूर्वी याच रस्त्यावर हे कल्पनेतही आले नसते.

या तहाचा एक धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. पोर्तुगाल १६४० मध्ये स्पेनपासून वेगळे झाले होते. त्याचे वकीलही म्युन्स्टरला आले, पण स्पेनने त्यांना जुमानले नाही आणि तहात पोर्तुगालला स्थान मिळाले नाही. स्पेनशी युद्ध संपलेल्या डचांचा पूर्वेकडे पोर्तुगिजांशी झगडा मात्र पुढेही चालू राहिला. १६५६ मध्ये कोलंबो आणि १६६३ मध्ये कोचीन त्यांनी घेतले. गोवा व वसई मात्र पोर्तुगिजांच्या हाती उरली. म्युन्स्टरची घंटा शांततेची होती, पण तिचा नाद केप ऑफ गुड होपच्या अलीकडेच विरला.

तहाच्या दुसऱ्याच कलमात युद्धात झालेल्या सर्व अपराधांचे 'चिरंतन विस्मरण' आणि क्षमा यांचा करार आहे. कोणी कोणाला पूर्वीच्या कृत्यांबद्दल जाब विचारू नये, असे त्याचे तात्पर्य. ज्या गावात हे कलम लिहिले गेले त्याच गावात, कधीच विसरले जाऊ नये म्हणून टांगलेले तीन पिंजरे वकिलांना रोज दिसत होते. दोन्ही गोष्टी गावाने जपल्या, आणि त्यांपैकी कोणती खरी असे कोणी विचारलेले दिसत नाही.

पुढची दीडशे वर्षे झपाट्याने ओलांडता येतील. क्रिस्टोफ बेर्न्हार्ड फॉन गालेन या राजा-बिशपने आपल्याच नगरावर तोफा डागल्या आणि १६६१ मध्ये त्याला शरण आणले. लोक त्यांना 'बॉम्बवाले बेर्न्ड' म्हणत. अठराव्या शतकात योहान कॉनराड श्लाउन या वास्तुशिल्पीने विटा आणि वालुकाश्म यांच्या मिलाफातून संत क्लेमेन्सचे चर्च, एर्बड्रोस्टेनहोफ हा वाडा आणि बिशपांचा प्रासाद उभारला. त्या प्रासादात आता विद्यापीठाची कचेरी आहे. १७८० मध्ये ते विद्यापीठ सुरू झाले. तटबंदी पाडून त्या जागी लिंडेन वृक्षांची साडेचार किलोमीटरची वर्तुळाकार वाट केली गेली. गावाजवळच्या हुल्सहोफच्या गढीत १७९७ मध्ये आनेट्टं फॉन ड्रोस्टं ही कवयित्री जन्मली. जर्मन साहित्यात तिचे स्थान फार वरचे आहे.

आता आपण त्या कालखंडाकडे येतो ज्यामुळे म्युन्स्टरचे नाव कॅथलिक जगाला विशेष ज्ञात झाले. १९३२ मध्ये एडिथ श्टाइन या ज्यू कुळात जन्मलेल्या, कॅथलिक झालेल्या विदुषी येथील अध्यापनशास्त्र संस्थेत व्याख्यात्या म्हणून आल्या. हिटलर सत्तेवर येताच १९३३ च्या एप्रिलमध्ये त्यांचे अध्यापन संपुष्टात आले. त्याच महिन्यात त्यांनी अकरावे पायस यांना पत्र लिहिले. ज्यूंवरील अत्याचारांविरुद्ध ख्रिस्तसभेने बोलावे, जे गप्प बसतात त्यांच्यावरही याची जबाबदारी येते, असा त्याचा आशय होता. हे पत्र २००३ मध्ये व्हॅटिकनचे दप्तर खुले झाल्यावर जगासमोर आले. श्टाइन कार्मेलच्या मठात गेल्या. १९४२ मध्ये आउशविट्झ येथे त्यांचा अंत झाला. १९९८ मध्ये त्या संतपदी आरूढ झाल्या.

त्यांनी गाव सोडले त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन म्युन्स्टरचे बिशप झाले. तोफा डागणाऱ्या त्या जुन्या बिशपच्याच कुळातले. दोन मीटरहून अधिक उंच, साध्या राहणीचे, स्वभावाने हट्टी. बिशप होण्यापूर्वी ते संत लॅम्बर्टचेच धर्मग्रामप्रमुख होते. ते क्रांतिकारक मुळीच नव्हते. जुन्या घराण्याचे, राष्ट्राभिमानी, बोल्शेविकांचे कट्टर विरोधक असे त्यांचे मन होते. स्तुतीने नाही आणि भीतीनेही नाही, हे त्यांचे ब्रीदवाक्य. वंशवादाच्या नव्या मूर्तिपूजेवर त्यांनी १९३४ पासूनच टीका केली. १९३६ मध्ये त्यांच्या धर्मप्रांतातील ओल्डेनबुर्ग भागात शाळांतील क्रूस काढण्याचा हुकूम निघाला, तेव्हा शेतकऱ्यांनी असा काही प्रतिकार केला की सरकारला तो मागे घ्यावा लागला.

१९४१ च्या जुलैत म्युन्स्टरवर ब्रिटिश विमानांचे हल्ले झाले. गाव अजून धुमसत असतानाच गुप्त पोलिसांनी येशूसंघीयांची घरे जप्त केली. दुसऱ्याच दिवशी, १३ जुलैच्या रविवारी, गालेन संत लॅम्बर्टच्या प्रवचनपीठावर चढले. कोणत्याही आरोपाविना, न्यायालयाविना नागरिकांना हद्दपार करणाऱ्या सत्तेचा त्यांनी नाव घेऊन निषेध केला. पुढच्या रविवारी ते दुसऱ्या एका चर्चमधून बोलले. आणि ३ ऑगस्ट रोजी, पुन्हा त्याच मनोऱ्याच्या खालून, त्यांनी सर्वांत भयंकर गोष्ट उघड केली. जवळच्या मारिएनथाल येथील मनोरुग्णालयातून रुग्णांना नेण्यात येत होते आणि काही दिवसांनी नातलगांना अस्थी मिळत होत्या. गालेन यांनी दंडसंहितेतील खुनाच्या कलमाचा हवाला दिला. आपण पोलिसांकडे व सरकारी वकिलाकडे रीतसर फिर्याद केली आहे, तिला उत्तर आलेले नाही, हे सांगितले. म्युन्स्टर परिसरातल्या एका पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याचे उदाहरण त्यांनी दिले. त्याचा मुलगा सैन्यात, आणि बाप ठार केला जाणाऱ्यांच्या यादीत! अनुत्पादक म्हणून एकाला मारण्याचा हक्क मान्य केला, तर उद्या म्हातारे, अपंग, युद्धात जायबंदी होऊन परतलेले सैनिक यांतले कोणीही सुरक्षित नाही, हा त्यांचा युक्तिवाद कोणत्याही शेतकऱ्याला समजेल इतका सरळ होता. मला या प्रवचनांतले सर्वांत मोठे बळ त्यांच्या या सरळपणात वाटते. त्यात वक्तृत्वाचा आव नाही. एक कायदा, एक फिर्याद, एक शेतकरी, एवढेच आहे.

प्रवचनांच्या प्रती टंकलेखनयंत्रांवर रात्री-अपरात्री निघू लागल्या. सैनिकांच्या खिशांतून त्या रणभूमीवर गेल्या. ब्रिटिश विमानांनी त्यांची पत्रके टाकली. हिटलरच्या दरबारात बिशपला फाशी द्यावी अशी मागणी झाली. परंतु तसे केल्यास म्युन्स्टर आणि आजूबाजूचा सारा मुलूख युद्धासाठी गमावला असे समजावे, असे गोबेल्सचे मत पडले आणि सूड विजयानंतरसाठी राखून ठेवण्यात आला. २४ ऑगस्ट रोजी हिटलरने रुग्णहत्येची ती मोहीम थांबवण्याचा हुकूम दिला. तोवर सत्तर हजारांहून अधिक जीव गेले होते. हत्या पूर्णपणे थांबल्याही नाहीत; उपासमारीने व औषधांच्या मात्रांनी त्या ठिकठिकाणी गुपचूप चालू राहिल्या. शब्दाने जे साधले ते एवढे, आणि ते थोडे नाही.

शब्दाची किंमत इतरांनी मोजली. ल्युबेक शहरात प्रासेक, म्युलर व लांगं हे तीन तरुण कॅथलिक धर्मगुरू आणि श्टेलब्रिंक हे ल्यूथरपंथीय पाळक एकत्र येऊन गालेन यांची प्रवचने वाटत. १० नोव्हेंबर १९४३ रोजी हॅम्बुर्गच्या तुरुंगात, काही मिनिटांच्या अंतराने, चौघांचाही शिरच्छेद झाला. ज्या दोन पंथांच्या वकिलांना १६४८ मध्ये एका मेजाभोवती बसता आले नव्हते, त्यांचे रक्त एकाच फरशीवर मिसळले. तिघा धर्मगुरूंना २०११ मध्ये 'धन्य' घोषित करण्यात आले.

आणि तरीही एक प्रश्न उरतो. १९३८ च्या नोव्हेंबरात म्युन्स्टरमधील ज्यूंचे प्रार्थनामंदिर जाळले गेले. १३ डिसेंबर १९४१ रोजी, त्या तिसऱ्या प्रवचनानंतर साडेचार महिन्यांच्या आत, गावातील ज्यू स्त्री-पुरुष व मुले यांना आगगाडीत भरून रिगाकडे रवाना करण्यात आले. याबद्दल त्या प्रवचनपीठावरून जाहीरपणे एक शब्दही उच्चारला गेला नाही. गालेन यांचे समर्थक म्हणतात की, बोलल्याने ज्यूंवरील अत्याचार वाढले असते. टीकाकार म्हणतात की, रुग्णांसाठी बोलताना तो विचार आड आला नव्हता. मला टीकाकारांचे म्हणणे अधिक पटते. याने ३ ऑगस्टचे धैर्य कमी होत नाही. उलट त्या धैर्याची ताकद किती होती हे दिसल्यामुळेच पुढचे मौन अधिक बोचते. एडिथ श्टाइन यांचे पत्र याच गावातल्या वास्तव्याच्या अखेरीस लिहिले गेले होते, हे विसरता येत नाही. बारावे पायस यांनी १९४६ च्या फेब्रुवारीत गालेन यांना कार्डिनल केले. १६ मार्च रोजी, वाढदिवशी, ते उद्ध्वस्त गावात परतले, ढिगाऱ्यांवर उभ्या असलेल्या हजारोंसमोर बोलले आणि २२ मार्च रोजी त्यांचे निधन झाले. १९८७ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली. २००५ मध्ये त्यांना 'धन्य' ही पदवी मिळाली.

ढिगारे म्हटले ते अक्षरशः. १० ऑक्टोबर १९४३ च्या रविवारी दुपारी अमेरिकन विमानांनी शहराच्या मध्यावरच बॉम्ब टाकले. शेकडो नागरिक मेले, त्यांत अनेक धर्मभगिनी होत्या. युद्ध संपेपर्यंत जुन्या गावाचा जवळजवळ नऊ दशांश भाग नष्ट झाला. नगरभवनाची शतकानुशतके उभी असलेली दर्शनी भिंत १९४४ मध्ये कोसळली. मात्र शांतिदालनाचे कोरीव लाकूड आधीच सुरक्षित हलवलेले असल्यामुळे वाचले. कासेल, हानोफर अशा शहरांनी युद्धानंतर रुंद, सरळ रस्ते आखले. म्युन्स्टरने जुने अरुंद भूखंड, कमानींचे ओटे आणि उतरत्या छपरांच्या दर्शनी भिंती यांचाच आग्रह धरला. प्रिन्त्सिपालमार्क्ट या बाजारपेठेतील घरे मूळची नक्कल नाहीत. नक्षी कमी केली आहे, रेषा साध्या आहेत. पण चाल तीच. कथीड्रलच्या बाबतीत मात्र गावाने वेगळा मार्ग धरला. पश्चिमेचे भग्न प्रवेशद्वार पुन्हा न बांधता तेथे सपाट दगडी भिंत घातली आणि तिच्यात सोळा गोल खिडक्या, बारांच्या वर्तुळात चार, अशा बसवल्या. लोकांनी चिडून तिला टेलिफोनची तबकडी म्हटले. मला ती भिंत आवडते. जे गेले ते गेले, असे ती सांगते.

पिंजरेही बॉम्बहल्ल्यात सापडले होते. १९४८ मध्ये ते दुरुस्त करून पुन्हा टांगले! अवघे गाव डोक्यावर छप्पर शोधत असताना हे काम कोणाला निकडीचे वाटले असेल? १९८७ च्या शिल्पप्रदर्शनात लोथार बाउमगार्टन या कलावंताने प्रत्येक पिंजऱ्यात एक मंद दिवा बसवला. संध्याकाळ झाली की ते तीन दिवे लागतात. दर दहा वर्षांनी भरणारे हे प्रदर्शन, आधुनिक शिल्पाविषयी गावात उठलेल्या वादंगातून १९७७ मध्ये सुरू झाले आणि आता जगभरचे रसिक त्यासाठी येतात. योझेफ रात्सिंगर, कार्ल रानर, योहान बाप्टिस्ट मेट्झ हे ईशज्ञानी येथील विद्यापीठात शिकवून गेले. विद्यार्थ्यांचे आणि सायकलींचे हे गाव आहे.

अलीकडचा इतिहासही प्रवचनपीठाभोवतीच फिरतो. २०२२ च्या जूनमध्ये विद्यापीठातील इतिहासकारांनी, धर्मप्रांताच्याच सांगण्यावरून, १९४५ ते २०२० या काळात धर्मगुरूंकडून झालेल्या लैंगिक अत्याचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात १९६ आरोपित धर्मसेवक आणि किमान ६१० पीडित बालके नोंदली गेली. ज्या बिशपांनी ही प्रकरणे झाकली त्यांची नावेही त्यात आहेत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सात बड्या राष्ट्रांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक शांतिदालनात भरली तेव्हा तेथला सोळाव्या शतकापासूनचा क्रूस बैठकीपुरता हलवण्यात आला, आणि देशभर वाद माजला. क्रूस हलवल्याबद्दल जेवढा संताप व्यक्त झाला, तेवढाच अहवालाबद्दल झाला असता तर बरे झाले असते, असे एका कॅथलिक लेखकाने म्हणावे की नाही? मी म्हणतो.

गावात मुक्काम असेल तर रात्री नऊनंतर बाजारपेठेत जावे. मनोऱ्यावर, पिंजऱ्यांच्याही वर, सुमारे तीनशे पायऱ्या चढून गेल्यावर पहारेकऱ्याची खोली आहे. या पदाची नोंद १३८३ पासून सापडते. २०१४ पासून त्यावर प्रथमच एका स्त्रीची नेमणूक झाली. मंगळवार सोडून रोज रात्री नऊ ते बारा, दर अर्ध्या तासाला, ताम्रशिंग फुंकले जाते. ते पूर्वीच्या काळी आग आणि शत्रू यांची खबर देण्यासाठी होते. आता ते सारे क्षेम असल्याचे कळवते. दक्षिणेस, पश्चिमेस आणि उत्तरेस तोंड करून शिंग फुंकतात, पूर्वेस फुंकत नाहीत. खाली उभे राहिल्यास तीन दिवे दिसतात आणि आवाज त्यांच्या वरून येतो.